बियाण्याचं दुखणं रानातच ओळखा



मी शाहूवाडी तालुक्यातला शेतकरी. भाताबरोबर थोडं सोयाबीन करतो आणि बियाणं घरचंच ठेवतो. एका वर्षी मे महिन्यात उगवण तपासायला ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवले. उगवले ५२. बाकीचे पांढऱ्या बुरशीनं भरलेले. "काढणीला पाऊस लागला, दुसरं काय?" तात्या म्हणाले.

पाऊस खराच होता. पण शेजारच्या तुकड्यातलं बियाणं त्याच पावसात भिजूनही चांगलं उगवलं. मग आठवलं, खराब बियाण्याच्या तुकड्यात बरीच झाडं श्रावणातच खुजी राहिली होती, पानं सुरकुतली होती. बाकीचं सोयाबीन पिवळं पडलं, तरी ती हिरवीच होती.

ही लक्षणं सोयाबीन मोझॅक या विषाणूजन्य रोगाची. तो रोगट बियाण्यातून येतो आणि मावा त्याला झाडोझाड नेतो. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक वेगळा. दाणा कुजवते ती फोमॉप्सिस बुरशी. ती जुन्या काडीकचऱ्यात राहते, पावसाच्या थेंबांबरोबर शेंगांवर उडते आणि शेंग पिकताना दाण्यात शिरते.

या दोघांचं नातं अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी तपासलं. मोझॅक झालेल्या सोयाबीनच्या दाण्यांना फोमॉप्सिस जास्त लागते, हा त्यांचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. शेंगा पिकायला उशीर झाला आणि ओल टिकली, की बुरशीला आयता वेळ मिळतो.

म्हणून आता मी बियाण्याचा तुकडा आधीच राखून ठेवतो. फुलोऱ्याआधीपासून फेरी मारून आखडलेली झाडं उपटतो. पीक तयार होताच काढतो, उभं ठेवत नाही. दाण्यावर चट्टे नाहीत म्हणून बी निरोगी, असंही धरून चालत नाही. बीजप्रक्रियेनं बुरशी आटोक्यात येते. दाण्यातला विषाणू मात्र त्यानं जात नाही.

पेरणीआधी १०० दाण्यांची चाचणी जरूर करा. ७० किंवा त्याहून जास्त उगवले, तरच ते बियाणं नेहमीच्या प्रमाणात पेरा. गोणपाटाला खर्च नाही, दुबार पेरणीला मात्र आहे. शिवाय मृगाचा वाफसा गेला, की तो परत येत नाही.

त्या वर्षी आम्ही ते पोतं पेरलं नाही. आता श्रावणात पहिली फेरी तात्याच मारतात.