जर-तर आणि 'इफ'

शाळेत मराठी व्याकरण शिकलेल्यांना क्रियापदाचे चार अर्थ आठवत असतील: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. त्यातला शेवटचा, संकेतार्थ, म्हणजे आपलं जर-तर. इंग्रजीत हेच प्रकरण 'कंडिशनल' नावाने येतं आणि क्लासच्या वह्यांत झीरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे नंबर लावून बसतं. नंबर पाठ होतात, वाक्य काही जमत नाही. माझं म्हणणं असं, की नंबर घटकाभर बाजूला ठेवावेत आणि आपण मराठीत काय करतो ते आधी पाहावं. आपल्या बऱ्याचशा चुकांचा उगम तिथेच आहे.

हे वाक्य घ्या: 'पैसे असते तर घर घेतलं असतं.' हे कधीचं बोलणं? आज खिसा रिकामा आहे, असाही अर्थ होईल. दहा वर्षांपूर्वी जागा स्वस्त होत्या तेव्हा पैसे नव्हते, असाही होईल. मराठी दोन्हींना एकच वाक्य पुरवते, बाकीचं बोलण्याच्या ओघात समजतं. इंग्रजी मात्र इथे अडून बसते. आजची गोष्ट असेल तर 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ हाउस.' तेव्हाची असेल तर 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट अ हाउस.' लागोपाठ दोन 'हॅड' छापलेले दिसले की मुद्रितशोधकाची डुलकी वाटते. पण दोन्ही हवेत. पहिला गोष्ट मागच्या काळात नेतो, दुसरा पैसे जवळ असणं सांगतो.

आता वाक्याची दोन अंगं पाहा. मराठीत 'असता' दोन्हीकडे येतो: 'तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो.' साहजिकच इंग्रजीतही आपण दोन्हीकडे 'वुड हॅव' लिहून मोकळे होतो: 'इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम.' इंग्रजीत 'वुड' फक्त 'तर'च्या बाजूला. 'जर'च्या बाजूला नुसतं 'हॅड टोल्ड'. अमेरिकेत बोलण्याच्या भरात तिथलीच माणसं हे दुहेरी 'वुड' सर्रास वापरतात. ते ऐकून आपल्याला हायसं वाटेल, पण परीक्षेच्या पेपरात गुण जायचे ते जातातच.

दुसरा घोटाळा त्याहून मजेचा. 'उद्या पाऊस पडला तर मॅच रद्द होईल.' बोलतोय उद्याचं आणि क्रियापद 'पडला'! रोजचंच असल्यामुळे आपल्याला ते खटकत नाही. हे जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की 'इफ इट रेन्ड' होतं. अर्थाकडे पाहून नेलं की 'इफ इट विल रेन' होतं. इंग्रजीला इथे हवा असतो साधा वर्तमानकाळ: 'इफ इट रेन्स टुमॉरो, द मॅच विल बी कॅन्सल्ड.'

'इफ इट रेन्ड' अशुद्ध आहे असं नव्हे. पण उद्याबद्दल बोलताना 'इफ'नंतर भूतकाळ आला की तो शक्यता लांब ढकलतो. लग्नाला बोलावताना आपण म्हणतो, 'तुम्ही आलात तर आम्हाला आनंद होईल.' त्याचं 'इफ यू केम, वी वुड बी हॅपी' केलंत, तर पाहुणा समजायचा की आपण येणार नाही हे यांनी गृहीतच धरलंय. 'इफ यू कम' लिहा, पुढे 'वुड'च्या जागी 'विल' घाला, म्हणजे तो निदान तारीख तरी बघेल. 'इफ आय वेअर यू' या सल्ल्यातलं 'वेअर'ही त्याच जातीचं. मी म्हणजे तू, हे घडणारच नाही, म्हणून 'आय'ला 'वेअर' जोडायचं. बोलताना आता 'इफ आय वॉज'ही चालून जातं.

'इफ'नंतर 'विल' कधीच नाही, हा फळ्यावरचा नियमही थोडा सैल करून घ्यावा. हॉटेलातला माणूस अदबीने 'इफ यू विल फॉलो मी' म्हणतो, तेव्हा तो भविष्य सांगत नसतो. 'येता का माझ्याबरोबर' अशी आपली मर्जी विचारत असतो.

आणखी एक गंमत. मराठीत 'जर' गळाला तरी चालतं, 'तर' काढला की वाक्य कोसळतं. इंग्रजीत नेमकं उलट: 'देन' जातो, 'इफ' राहतो. म्हणून वाक्यावाक्यात 'देन' घालणाऱ्याची इंग्रजी मराठी वळणाची वाटते. औपचारिक पत्रात मात्र कधीकधी 'इफ'ही गायब होतो आणि क्रियापद पुढे येऊन बसतं: 'हॅड आय नोन', म्हणजे मला ठाऊक असतं तर. बँकेच्या पत्राखाली असतं, 'शुड यू नीड एनी हेल्प, प्लीज कॉल अस.' 'शुड' म्हणजे 'पाहिजे' एवढंच पाठ असेल, तर मदत लागलीच पाहिजे अशी बँकेची सक्ती आहे की काय, असं वाटायचं. अर्थ इतकाच, की मदत लागली तर फोन करा. सुरुवात प्रश्नासारखी, पण शेवटी प्रश्नचिन्ह नाही, असं वाक्य दिसलं की तिथे बहुधा असा 'इफ' दडलेला असतो.