ताळेबंदात न दिसणारा खर्च

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



हिशेबतपासनिसांचा अहवाल आपण नुकताच ऐकला. बालनेत्र विभागाचे आकडे त्यात आहेत, ते आम्ही पुन्हा वाचून दाखवीत नाही. आम्हांस बोलावयाचे आहे ते दृष्टिदोष असलेल्या बालकाच्या घराला पडणाऱ्या खर्चाविषयी. हा खर्च कोणत्याच ताळेबंदात येत नाही, आणि वाणिज्य शाखेच्या माणसाला बिननोंदीचा खर्च स्वस्थ बसू देत नाही.

जन्मजात मोतीबिंदूचेच पाहा. वृद्धाची शस्त्रक्रिया दोन-चार महिने लांबली तरी बहुधा फारसे बिघडत नाही. बालकाचे तसे नाही. डोळ्यांतून स्पष्ट प्रतिमा पोहोचली नाही, तर मेंदू पाहावयास शिकतच नाही. म्हणून मोतीबिंदू दाट असेल तर पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करावी लागते. ती एका दिवसात होते. त्यानंतर जाड भिंगांचा चष्मा येतो, डोळा वाढेल तसा त्याचा क्रमांक बदलतो आणि पुष्कळदा चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधावी लागते. ही पट्टी रडणाऱ्या लेकराच्या डोळ्यावर टिकविण्याचे काम शल्यविशारदांचे नसते, ते आईचे असते, आणि ते वर्षानुवर्षे चालते. ती थकली की आपली यशस्वी शस्त्रक्रिया कागदावरच यशस्वी राहते.

अपुऱ्या दिवसांच्या बालकांबाबत तर वेळ आणखी थोडा असतो. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकाचा दृष्टिपटल जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. फारच लहान बालकांचा त्याहूनही आधी. पण केसपेपरावर पत्ता सासरचा, भ्रमणध्वनी वडिलांचा आणि बाळ-बाळंतीण माहेरी! निरोप पोहोचणार कसा? म्हणून आमच्या नोंदणी कक्षात आता माहेरचे गाव आणि आजीचा क्रमांकही लिहून घेतात. या सुधारणेला एक रुपयाही लागला नाही.

पैशांपेक्षा जड असते ते घरातील बोलणे. गर्भारपणी ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हे वाक्य आमच्या समुपदेशन कक्षात आजही ऐकू येते. आई ते मान खाली घालून ऐकत असते. आमच्या समुपदेशिका अशा वेळी आईची समजूत काढीत बसत नाहीत, त्या सासूबाईंना आणि वडिलांना आत बोलावतात आणि डॉक्टरांकडूनच त्यांना कारण समजावून देतात. आईला एकटीला सांगितलेले शास्त्र घरी जाईपर्यंत निरुपयोगी होते, असा आमचा अनुभव आहे.

आणखी एक गैरसमज हृदय पिळवटून टाकणारा आहे. न दिसणारे तान्हे बाळ आईचा आवाज ऐकताच पुष्कळदा स्तब्ध होते. हसत नाही, वळत नाही. आईला वाटते, याला माझी ओळखच नाही. वास्तविक ते कान देऊन ऐकत असते. त्याच्या चेहऱ्याऐवजी बोटांकडे पाहा, असे सांगितले की कित्येक माता तेथेच रडू लागतात. उचलण्यापूर्वी नावाने हाक मारावी, भांडे हाती देऊन मग वाजवावे, थोडी दृष्टी असेल तर पांढरा भात स्टीलच्या ताटात न वाढता गडद रंगाच्या ताटलीत वाढावा, अशा साध्या गोष्टी शिकवावयास महागडे यंत्र लागत नाही. शिकविणारी व्यक्ती मात्र लागते, आणि तिचे वेतन लागते.

आता प्रवासाचे गणित. धर्मादाय रुग्णालय म्हणून आपण एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवतो. त्यातून उपचाराचे बिल भागते. एस.टी.च्या तिकिटाची सोय त्यात नाही. पाच वर्षांखालील बालकाला तिकीट नसते, म्हणून त्याच्या नावावरील सवलतीचा त्या वयात घराला उपयोग नसतो. २०२३ पासून आईला अर्धे तिकीट पडते, वडिलांना पूर्ण, आणि त्यांचा त्या दिवसाचा रोजही बुडतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर अनेक घरे येणे थांबवितात, त्यांना आम्ही निष्काळजी म्हणणार नाही.

प्रमाणपत्राविषयी पालकांशी थोडे स्पष्ट बोलतो. मुलीच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने ते काढण्याचे टाळले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के व त्यावरील दिव्यांगत्व असलेल्या बालकाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड आपली. हा हक्क भीतीपोटी सोडू नये. एकच डोळा निकामी आणि दुसरा उत्तम असेल, तर प्रमाण ३० टक्केच धरले जाते, हेही आधीच जाणून घ्यावे, म्हणजे फेऱ्या वाचतील.

देणगीदारांकडे यंदा आम्ही यंत्र मागत नाही. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, तिकिटावर येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही प्रवासखर्चासाठी स्वतंत्र निधी असावा आणि समुपदेशिकेचे एक पद कायम व्हावे, अशी विनंती विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत. वडिलांना रोज न बुडविता येता यावे म्हणून पालकांची बैठक रविवारी सकाळी ठेवण्याचा आमचा विचार आहे. निधीचे पावतीपुस्तक सभागृहाच्या दाराशी ठेवले आहे. पालकांनी पुढील भेटीपासून प्रवासाची तिकिटे जपून ठेवावीत आणि ती केसपेपरासोबत टाचून आणावीत.