मिस कॉलची भाषा



'पोचलास की एक मिस कॉल दे,' हे वाक्य आपल्या हिंगोली जिल्ह्यात ज्याने ऐकले नाही, असा माणूस सापडायचा नाही. ऊसतोडीला गेलेला गडी असो, की वसमतहून नांदेडला शिकायला गेलेला मुलगा असो, घंटी एकदा वाजून थांबली, की म्हातारी म्हणायची, "पोचलं बाई लेकरू!"

ही रीत पडली ती खर्चामुळे. आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. त्या काळी फोन करणाऱ्यालाच नव्हे, तर घेणाऱ्यालाही पैसे पडत. २००३ साली येणारा फोन मोफत झाला. करणाऱ्याचा खर्च मात्र राहिलाच. मग लोकांनी तोड काढली. घंटी वाजवायची, अन् समोरच्याने उचलण्याआधी बंद करायची. आफ्रिकेतील घाना देशातही हीच चाल पडली. तिकडे तिला 'फ्लॅश करणे' म्हणतात. नड सारखी असली, की युक्तीही सारखीच सुचते.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, पुढे बोलणे रिचार्जमध्येच मिळू लागले आणि मिस कॉलची गरज बरीचशी सरली. तरी त्यातली एक गोष्ट जपण्याजोगी आहे. मिस कॉलचा अर्थ घरात आधी ठरलेला असे. कुठे एक घंटी म्हणजे 'पोचलो', कुठे दोन म्हणजे 'तूच फोन लाव'. ठरलेले नसेल, तर त्या घंटीला काही अर्थ नसे.

आज अनोळखी माणूस गोड आवाजात म्हणतो, "बँकेतून बोलतोय, मोबाइलवर आलेला आकडा सांगा." आकडा सांगितला, की हळदीचे, सोयाबीनचे आलेले पैसे खात्यातून जातात. म्हणून घराघरात आधीच ठरवून ठेवा. हा आकडा, म्हणजे ओटीपी, कोणालाही सांगायचा नाही. अनोळखी माणसाने पैशाचा विषय काढला, की फोन ठेवायचा आणि शाखेत जाऊन विचारायचे. तरीही फसगत झालीच, तर लाजत बसू नका. तात्काळ १९३० या क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची आशा अधिक.

शिक्षकमंडळींनी हे वर्गात अवश्य सांगावे. कारण आजीचा फोन बहुधा नातवंडेच लावून देतात. एका घंटीत निरोप बसवणारी आपली माणसे काही अडाणी नव्हेत. तेव्हा दोन पैसे वाचवायला जी अक्कल चालवली, तीच आता वर्षाची कमाई राखायला चालवू या.