चिकित्सेचा तिसरा पाद

(सेवावस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या वर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी वैद्य नाही, शास्त्रज्ञही नाही. कला शाखेचा पदवीधर आणि पत्रकार. वैद्यकीय संशोधनाच्या बातम्या सुबोध मराठीत वाचकांपुढे ठेवणे हा माझ्या व्यवसायाचा एक भाग. तेव्हा आज मी तुम्हाला कोणतेही औषध सुचवणार नाही. घरी आणलेले औषध प्रत्यक्ष पोटात जाते का, आणि जात नसेल तर का जात नाही, एवढ्याच विषयावर बोलणार आहे. विषय वरवर क्षुल्लक वाटतो. पण दीर्घकाळ चालणाऱ्या आजारात रुग्णाचे भवितव्य बहुतांशी याच गोष्टीवर ठरते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. भिषक् म्हणजे वैद्य, द्रव्य म्हणजे औषध, उपस्थाता म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणारा आणि चौथा स्वतः रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण आहेत. रोग्याचे गुण कोणते? स्मृती, निर्देशकारित्व म्हणजे सांगितल्याप्रमाणे वागणे, अभीरुत्व म्हणजे न भिणे आणि ज्ञापकत्व म्हणजे आपल्याला काय होते ते मोकळेपणाने सांगणे. उपस्थात्याचे गुण आहेत उपचाराचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. शुश्रूषा करणाऱ्याच्या ठिकाणी अनुराग, म्हणजे रुग्णाविषयी आंतरिक प्रेम, हा गुण आवश्यक मानला आहे, हे ध्यानात ठेवा.

आपले ग्रंथ थोर होते, एवढे म्हणून स्वस्थ बसण्यात पुरुषार्थ नाही. पूर्वजांनी मांडलेला विचार आजच्या कसोटीवर घासून पाहणे हीच त्यांची खरी पूजा. अशी एक कसोटी आपल्याच देशात लागली, आणि तिची फळे पुढे साऱ्या जगाने घेतली. दुर्दैवाने ही कथा आपल्याला शाळेत कोणी सांगत नाही.

मद्रासचा प्रयोग

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारासाठी एक संशोधन केंद्र सुरू झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. डॉ. वॉलेस फॉक्स हे त्याचे आरंभीचे प्रमुख. त्या काळी क्षयाचा उपचार म्हणजे आरोग्यधाम, असे समीकरण होते. स्वच्छ हवा, सकस आहार, पूर्ण विश्रांती. आपल्याकडे मिरजेला, पाचगणीला अशी आरोग्यधामे होती. परंतु देशातील लक्षावधी क्षयरोग्यांसाठी इतक्या खाटा आणायच्या कोठून?

मद्रासमधील १९३ रुग्णांचे दैवचिठ्ठीने दोन गट करण्यात आले. एका गटाला आरोग्यधामात ठेवले, दुसऱ्याला घरीच. औषधे दोघांना तीच. घरच्या गटातील माणसे दाट वस्तीत राहणारी, अपुरे खाणारी होती. एका वर्षानंतर आरोग्यधामातील सुमारे ९२ टक्के आणि घरच्या गटातील सुमारे ८६ टक्के रुग्णांचा रोग शमला होता. पुढे पाच वर्षे दोन्ही गटांच्या कुटुंबीयांवर लक्ष ठेवण्यात आले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या नातलगांना क्षयाचा अधिक संसर्ग झाला, असेही आढळले नाही. आरोग्यधामांचे युग संपवणारा हा निष्कर्ष मद्रासच्या गरीब वस्त्यांतून निघाला!

मात्र घरचा गट वाऱ्यावर सोडलेला नव्हता. रुग्ण दर आठवड्याला केंद्रात येऊन औषध नेत. केंद्राचे कर्मचारी पूर्वसूचना न देता घरी जात, उरलेली औषधे मोजत, मूत्रतपासणीने औषध खरोखर घेतले की नाही ते पाहत. आणि तेव्हा एक अप्रिय सत्य समोर आले. फुकट मिळालेले, प्राण वाचवणारे औषधही अनेक जण नियमित घेत नव्हते. खोकला थांबला, अंगात बळ आले की गोळ्या मागे पडत.

त्या संशोधकांनी रुग्णाला दोष देऊन हात झटकले नाहीत. त्यांनी व्यवस्था बदलून पाहिली. आठवड्यातून दोनदाच, पण कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत औषध देण्याची पद्धत तपासली. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा देखरेखीखालील उपचारांचे यश सुमारे ९४ टक्के, तर रोज घरी स्वतः औषध घेणाऱ्यांचे सुमारे ८५ टक्के होते. डोळ्यांदेखत औषध देण्याचे हेच तत्त्व नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने जगभर नेले आणि १९९७ पासून ते आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात आले. औषधांचा क्रम पुढे बदलला, २०१७ पासून आपल्याकडे पुन्हा रोजची मात्रा आली. पण रुग्णाला एकटे सोडायचे नाही, हे सूत्र कायम राहिले.

नियमित माणूस आणि निष्क्रिय गोळी

क्षयाचा उपचार काही महिन्यांचा. रक्तदाब आणि मधुमेह यांची सोबत मात्र बहुधा जन्मभराची. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर अहवाल काढला. विकसित देशांतही दीर्घकालीन आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे हा दोष आपल्या समाजाच्या अज्ञानाचा नाही, गरिबीचाही केवळ नाही. तो मानवी स्वभावाचा आहे.

येथे एका अमेरिकन अभ्यासाची सावधगिरीची सूचना सांगितली पाहिजे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. त्यात काहींना खरे औषध, काहींना औषधाचा अंश नसलेली निष्क्रिय गोळी दिली होती. ती निष्क्रिय गोळी नेमाने घेणाऱ्यांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के दगावले, तर ती अनियमित घेणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के! गोळीत तर काहीच नव्हते. मग फरक कशाचा? बहुधा त्या माणसांचा आणि त्यांच्या परिस्थितीचा. जो गोळी नेमाने घेऊ शकतो, त्याच्या आयुष्यात आणखीही काही गोष्टी ठीक चाललेल्या असतात. म्हणून अमुक औषध घेणारे अधिक जगले, एवढ्यावरून त्या औषधाचे गुण सिद्ध होत नाहीत. त्यासाठी मद्रासप्रमाणे दैवचिठ्ठीने गट पाडून तुलना करावी लागते. जाहिरातींच्या या युगात एवढा विवेक प्रत्येक कार्यकर्त्यापाशी असावा.

अशी रीतसर तुलना रक्तदाबाविषयी आपल्या शेजारी झाली. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका येथील ग्रामीण भागात ३० वस्त्या निवडल्या होत्या. काही वस्त्यांत स्थानिक आरोग्यसेविका घरोघरी जाऊन रक्तदाब मोजत, समजावून सांगत, गरजेनुसार दवाखान्यात पाठवत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, दोन वर्षांनी त्या वस्त्यांतील रुग्णांचा वरचा रक्तदाब नेहमीच्याच सेवा मिळणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ५ अंकांनी अधिक उतरला होता. ५ हा आकडा लहान वाटेल. पण संपूर्ण समाजाचा रक्तदाब इतका उतरला, तर पक्षाघाताचे असंख्य आघात टळतात. आणि हे कोणी साधले? फारशी साधने हाती नसलेल्या, पण दाराशी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या भगिनींनी.

ताटातले औषध

आणखी एक गोष्ट. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमधील चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांच्या कुटुंबांवर एक मोठा अभ्यास झाला. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी तो चालवला. २८०० रुग्णांना औषधांबरोबर दरमहा शिधा देण्यात आला. एका गटात घरातील इतरांनाही शिधा मिळाला. त्या घरांत नव्या क्षयरोग्यांचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. ज्या रुग्णांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. मद्रासच्या प्रयोगाने दाखवले की औषध नेमाने घेतले तर झोपडीतही रोग शमतो. झारखंडने दाखवले की उपाशी घराला केवळ गोळी पुरत नाही. या दोन निष्कर्षांत विरोध नाही, ते परस्परपूरक आहेत. शासनाने २०१८ पासून क्षयरुग्णांना पोषणासाठी दरमहा ५०० रुपये देण्यास आरंभ केला, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. २०२२ पासून कोणीही नागरिक 'निक्षय मित्र' होऊन रुग्णाला शिधा देऊ शकतो. आपल्या वस्तीत असे किती मित्र आहेत, याचा विचार आपण करायला नको का?

मी न विचारलेला प्रश्न

आता थोडे व्यक्तिगत बोलतो. विषयाला धरून आहे म्हणूनच बोलतो.

माझे वडील शिक्षक होते. पहाटेची शाखा त्यांनी पावसाळ्यातही चुकवली नाही. नियमितपणाचे धडे आम्ही त्यांच्याकडून घेतले. अशा माणसाने रक्तदाबाची गोळी मात्र सोडून दिली. "आता बरे वाटते, उगाच गोळीची सवय नको," हे त्यांचे कारण आम्हाला नंतर कळले. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेल्यानंतर, कपाटात न उघडलेली पाकिटे सापडली तेव्हा. त्याच काळात मी औषधांच्या नियमितपणावरील संशोधनाच्या बातम्या लिहीत होतो. रोज सकाळी त्यांच्यासमोर बसून चहा घेत होतो. "बाबा, आज गोळी घेतली का?" हा एक प्रश्न मला कधी सुचला नाही. चरकांनी सांगितलेले ज्ञापकत्व त्यांच्यात कमी पडले, असे मी म्हणू शकेन. पण ऐकायला कोणी बसलेच नसेल, तर रुग्ण सांगणार कोणाला? घरात उपस्थाताच नव्हता, हे खरे. आणि ती जागा माझी होती.

म्हणून तुमच्यापुढे एवढेच मागणे आहे. संपर्क हा आपल्या कार्यपद्धतीचा प्राण आहे. त्या गृहभेटीत चार प्रश्नांची भर घाला. गोळ्या संपल्या तर नाहीत ना? गेल्या आठवड्यात किती वेळा राहून गेल्या? घेतल्यावर काही त्रास होतो का? आणायला पैसे किंवा वेळ अपुरा पडतो का? प्रश्न विचारताना स्वर तपासनिसाचा नको, घरच्या माणसाचा हवा. रागावलेल्या माणसाला रुग्ण खोटे उत्तर देतो. त्रास होत असेल तर स्वतः सल्ला देऊ नका, रुग्णाला घेऊन डॉक्टरांकडे जा. नियमित कोण राहील आणि कोण नाही, हे शिक्षणावरून, वेषावरून वा स्वभावावरून ओळखू पाहू नका. माझ्या वडिलांवरून तुम्ही ते कधीच ओळखले नसते.

आणि सेवावस्तीत जाण्यापूर्वी आपल्या घरातील कपाट उघडून पाहा. चिकित्सेचा हा तिसरा पाद आपल्या उंबरठ्याच्या आतच उभा राहायचा आहे.