चित्र इथे कशाला आहे?

संकेतस्थळं चालवणाऱ्या माझ्या संपादक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपदावरून मराठीच्या भवितव्याविषयी बोलण्याची प्रथा आहे. मी एका फोनविषयी बोलणार आहे.

आमच्या संकेतस्थळावर आम्ही कथास्पर्धा जाहीर केली. सुबक पोस्टर केलं. नियम, पत्ता, शेवटची तारीख, सगळं त्यावरच. दोन दिवसांनी एका वाचकाचा फोन आला. "सर, कथा तयार आहे. पण शेवटची तारीख 'पोस्टर फायनल न्यू टू डॉट जेपीजी', ही कुठल्या पंचांगातली?" गृहस्थ जन्मांध. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर आमचा प्रत्येक अंक ऐकणारे. चित्राला शब्द जोडलेले नसले की स्क्रीन रीडर बिचारा पुष्कळदा फाइलचं नावच वाचतो. मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र ओशाळलो.

चित्राला जोडायच्या या शब्दांना पर्यायी मजकूर म्हणतात. आपल्या बोलण्यात 'ऑल्ट'. ही कालची टूम नव्हे. वेबपानं लिहायच्या एचटीएमएल भाषेच्या १९९५च्या आवृत्तीत त्याची सोय होती. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून १९९९मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांत पहिलाच मुद्दा हा. आपल्याकडे २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. २०११च्या जनगणनेत दृष्टीच्या अपंगत्वाची नोंद झालेले भारतीय ५० लाखांवर होते. म्हणजे सोय आहे, कायदा आहे, वाचकही आहे. जागेवर नाही तो संपादक! ऑल्टची चौकट आपण 'तांत्रिक काम' म्हणून वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाकडे ढकलली. तो तिथे 'फोटो १' असं टाकतो आणि मोकळा होतो. दोष त्याचा नाही. ती चौकट भरणं हे संपादन आहे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

एक वारली चित्र घ्या. तारपा नाचावरच्या लेखात ते असेल, तर मी लिहीन : 'मधोमध तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती हात गुंफून नाचणाऱ्यांची वळत गेलेली साखळी.' तेच चित्र रेखाटनाच्या पद्धतीवरच्या लेखात असेल, तर : 'टोकाला टोक लावलेल्या दोन त्रिकोणांचं माणसाचं धड, वर डोक्याचा गोल, काडीसारखे हातपाय.' चित्र एकच, वाक्यं दोन. आणि नुसती शोभा म्हणून समासात लावलं असेल, तर चौकट ठेवायची, पण कोरी. म्हणजे स्क्रीन रीडर मुकाट पुढे जातो. चौकटच नसली, तर तो पुन्हा फाइलचं नाव घोकणार. 'हे चित्र इथे कशाला आहे?' या प्रश्नाचं उत्तर लेख वाचलेला माणूसच देऊ शकतो. हल्ली यंत्रंही वर्णन करून देतात. 'फेटा बांधलेला माणूस' असं ती सांगतील. तो माणूस त्या पानावर का आहे, हे तुम्हीच सांगायचं. आणि 'सुंदर दृश्य' असं कृपा करून लिहू नका. जे पाहून सुंदर वाटलं, ते लिहा.

दिसणारं शब्दांत सांगण्याचं हे काम मराठीला नवं नाही. बाळ ज. पंडितांचं आकाशवाणीवरचं क्रिकेटचं धावतं वर्णन ज्यांनी ऐकलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. चांगला समालोचक स्टेडियमचे खांब मोजत बसत नाही. चेंडू कुठे गेला ते सांगतो.

आपली दोन घरगुती दुखणीही बोलून टाकतो. पहिलं, आपण शब्दांचीच चित्रं करतो. कविता, निमंत्रणपत्रिका, शोकसंदेश. सगळं देखण्या अक्षरांत सजवून चित्र म्हणून चढवतो. ऐकणाऱ्याला ते कोरं पान. तो मजकूर युनिकोडमध्ये, मजकूर म्हणूनच द्या. दुसरं, देवनागरी म्हणजे मराठीच, असं यंत्राला आपोआप कळेलच याचा भरवसा नाही. पानाची भाषा मराठी म्हणून कोडमध्ये नोंदवली नसेल, तर आपलं मराठी हिंदी वळणाने कानावर पडू शकतं. ती नोंद करायला एक ओळ पुरते.

आता त्या फोनचं पुढे काय झालं, ते सांगतो. आम्ही तारीख आणि नियम मजकुरात दिले. गृहस्थांचा पुन्हा फोन आला. "तारीख कळली. आता पोस्टरवर चित्र काय होतं, तेही सांगा." मी पोस्टर उघडलं आणि सांगू लागलो : दौत आहे, तीत टाक उभा आहे, दौतीची सावली उजवीकडे पडली आहे, टाकाची डावीकडे...

तिथेच थांबलो. त्या पोस्टरला मंजुरी मीच दिली होती आणि ही चूक मला दिसलीच नव्हती. ज्याला चित्र दिसत नाही, त्याला ते सांगायला बसलो, तेव्हा कुठे मी ते नीट पाहिलं.