बारा अंकांचं वृत्त

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात टेंभली नावाचं छोटं गाव आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग तिथे आले आणि देशातला पहिला आधार क्रमांक गावातल्या एका महिलेला मिळाला. तो क्रमांक मी इथे सांगणार नाही. तो त्या बाईंचा आहे. पण त्या बारा अंकी संख्येची जी घडण आहे, तीच तुमच्या-माझ्या क्रमांकाचीही आहे.

ही संख्या ० किंवा १ ने सुरू होत नाही. पहिले अकरा अंक चिठ्ठ्या उचलाव्यात तसे येतात. त्यांत गाव नाही, जन्मसाल नाही, जात नाही, धर्म नाही. मी नुसतं नाव सांगितलं की समोरचा माझ्याविषयी निम्मं ठरवून मोकळा होतो. हा आकडा कितीही निरखा, तो चकार शब्द बोलत नाही. मला तो त्यासाठीच आवडतो.

असे अकरा अंक ८,००० कोटी प्रकारे मांडता येतात. प्रत्येक मांडणीला बारावा अंक मात्र एकच चालतो. तो राखणदार. डच गणितज्ञ याकोबस फेरहूफ यांनी १९६९ मध्ये ही युक्ती मांडली. एक अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही चूक हमखास पकडली जाते.

साध्या बेरजेला हे जमत नाही. ३ आणि ५ घ्या किंवा ५ आणि ३, उत्तर ८च. आम्हा कवींच्या भाषेत हे मात्रावृत्त झालं. भुजंगप्रयातात मात्र लघु-गुरूची जागा बदलली की मात्रा तेवढ्याच राहूनही ओळ लंगडते. फेरहूफना असा क्रम जपणारा हिशेब हवा होता. तो त्यांना पंचकोनात मिळाला. पुठ्ठ्याचा पंचकोन कापा. तो फिरवून पाच तऱ्हांनी ठेवता येतो, पालथा करून आणखी पाच. एकूण दहा, म्हणजेच ० ते ९. आधी फिरवून मग पालथा करा, किंवा आधी पालथा करून मग फिरवा. कोपरे वेगवेगळ्या जागी येतात. शिवाय अंक कितव्या घरात आहे, त्यानुसार त्याला आधी वेगळं रूप देतात. बारावा अंक असा निवडतात, की शेवटी पंचकोन मूळ जागी परत येतो.

राखणदाराची हद्द एवढीच. माझं आडनाव एका कागदावर ‘शेख’, दुसऱ्यावर ‘सेख’ आहे, ते त्याला कळत नाही. ऊसतोडीला गुजरातेत जाऊन आलेल्या मजुराच्या बोटांवरच्या रेषा झिजतात. क्रमांक बिनचूक असूनही यंत्र कधी कधी त्याचा अंगठा ओळखत नाही. तेव्हा बुबुळं तपासावीत, मोबाइलवर ओटीपी मागवावा; पण त्याला रिकाम्या पिशवीने घरी धाडू नये.