इंजिनाचा जोर का ओसरतो?



मालवणच्या उत्तरेला तोंडवली नावाचे गाव आहे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी आणि मधे तोंडवली-तळाशीलची वाळूची चिंचोळी पट्टी. खाडीच्या मुखाशी पलीकडे सर्जेकोट. या मुखातून होडी बाहेर काढायची तर फुटत्या लाटांना तोंड द्यावे लागते. वल्ह्याच्या दिवसांत तिथे माणसाच्या दंडाची परीक्षा होई, आज इंजिनाची होते. लाट अंगावर येत असताना इंजिनाने दम सोडला, तर होडी आडवी होते आणि आडव्या होडीला लाट क्षमा करीत नाही.

म्हणून 'इंजिनाक दम नाय' हे वाक्य किनाऱ्यावर कुणी उच्चारले की ते हसण्यावारी नेता येत नाही. पण पुष्कळदा होते काय, की हे वाक्य कानी पडताच मालक एकदम शेवटच्या उपायाला हात घालतो. इंजिन उघडले जाते, नवे पिस्टन येतात, कर्ज होते आणि होडी पाण्यात घातल्यावर चाल पूर्वीइतकीच मंद! कारण दोष पिस्टनात नव्हताच. आजचा विषय हा आहे, की इंजिनाचा जोर अनपेक्षितपणे कमी झाला तर कारण कोणत्या क्रमाने शोधावे.

प्रथम 'जोर' म्हणजे काय ते ठरवू. पंचाहत्तर किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जी शक्ती लागते, तिला एक अश्वशक्ती म्हणतात. शाळेतल्या मुलाला हे एका ओळीत सांगता येते. पण पाण्यावर एक गंमत आहे. होडीची चाल आणि त्यासाठी लागणारी शक्ती एकाच मापाने वाढत नाहीत. आपल्या नेहमीच्या जड होडीला लागणारी शक्ती साधारण चालीच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणजे चाल दहावरून नवावर आली, तर शक्ती दहा टक्क्यांनी नव्हे, सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटलेली असू शकते. चालीतला थोडा फरक म्हणजे शक्तीतला मोठा फरक. आणि उलटही खरे: होडीच्या बुडाला थोडा अडथळा झाला, तर इंजिनावर मोठा बोजा पडतो.

आता पहिला प्रश्न: जोर खरोखरच कमी झाला आहे का? उत्तर अंदाजाने देऊ नका, मापून द्या. किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा धरा. त्यांच्यातले अंतर समजा एक किलोमीटर आहे. प्रवाहाबरोबर होडीला पाच मिनिटे लागली, म्हणजे ताशी बारा किलोमीटर. परत येताना प्रवाहाविरुद्ध साडेसात मिनिटे लागली, म्हणजे ताशी आठ. दोन्ही चालींची सरासरी दहा, ही होडीची स्वतःची चाल. शिक्षकबंधूंनी इथे मुलांना एक प्रश्न जरूर घालावा: एकूण अंतराला एकूण वेळेने भागले तर नऊ पूर्णांक सहा दशांश येतात, मग दहा का घ्यायचे? प्रवाहाचा वेग एकदा मिळवला आणि एकदा वजा केला, तो चालींच्या सरासरीतच पुरा फिटतो. हे उत्तर मुलांनी स्वतः काढले तर धडा पक्का झाला म्हणून समजा. हे माप इंजिन निरोगी असताना घेऊन वहीत लिहून ठेवावे. सोबत जाळी किती, माणसे किती आणि इंजिनाचे फेरे किती, हेही लिहावे. निरोगीपणाची नोंद नसेल तर आजार मोजायचा कशाशी?

कागदावरचा आकडाही तपासून घ्यावा लागतो बरं का. जपानच्या माझदा कंपनीने २००३ साली आरएक्स-८ नावाची वेगवान मोटार बाजारात आणली. अमेरिकेत तिची शक्ती २४७ अश्वशक्ती म्हणून सांगितली गेली. पुढे कंपनीनेच तो आकडा २३८ वर आणला आणि ज्या ग्राहकांना गाडी नको असेल त्यांच्याकडून ती परत घेण्याची तयारी दाखवली. त्या गाड्यांत बिघाड नव्हता, आकडाच फुगलेला होता. तेव्हा शेजाऱ्याच्या होडीशी किंवा जाहिरातीशी तुलना करू नका; आपल्या होडीची तुलना तिच्या स्वतःच्या कालच्या चालीशी करा.

दुसरा प्रश्न: दोष इंजिनात आहे की बोज्यात? इंजिनाला बोल लावण्याआधी होडीच्या बुडाखाली पाहा. खाऱ्या पाण्यात राहिलेल्या होडीच्या बुडाला शेवाळ धरते, कवचाचे बारीक जीव चिकटतात आणि गुळगुळीत बूड कानशीसारखे खरखरीत होते. पंख्याला जाळ्याचा धागा गुंडाळलेला असतो, पाते वाकलेले असते, नाहीतर कुणीतरी मोठा पंखा बसवलेला असतो. आतल्या लाकडाने पाणी पिऊन होडी जडही झालेली असते.

याची एक सोपी खूण आहे. इंजिन जोरात पळते, फेरे नेहमीपेक्षा जास्त चढतात, पण होडी पुढे सरकत नाही; असे असेल तर शक्ती निर्माण होते आहे, पण पाण्यापर्यंत पोचत नाही. गिअर घसरतो आहे की पंखा निकामी झाला आहे, ते पाहा. याउलट फेरे चढतच नाहीत आणि काळा धूर निघतो. तर एकतर बोजा फार झाला आहे किंवा इंजिनाला हवा कमी पडते आहे. आणि फेरे चढत नाहीत पण धूरही नाही, तर तेलच पुरेसे पोचत नाही. तीन खुणा, तीन वाटा. एवढे ध्यानात ठेवले तरी निम्मा शोध संपतो.

तिसरा प्रश्न मग इंजिनाचा. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली आपले यशस्वी इंजिन चालवून दाखवले, तेव्हापासून त्याच्या गरजा तीनच आहेत: हवा, तेल आणि दाब. स्वस्त तपासणी आधी, महाग तपासणी शेवटी, हा नियम धरा.

सर्वांत आधी वेगाची तार पाहा. दांडा आपण पुरा ओढतो, पण तार ढिली झालेली असते आणि पंपाची कळ अर्ध्यावरच थांबते. यात पैशाचा खर्च नाही. नंतर हवा पाहा: गाळणी मिठाने, धुळीने भरली आहे का? इंजिनाची पेटी इतकी घट्ट बंद आहे का, की आतली तापलेली हवाच इंजिन पुन्हा पुन्हा ओढते? धूर बाहेर टाकणारी नळी काजळीने भरली आहे का? श्वास आत घेता आला पाहिजे, तसा बाहेर सोडताही आला पाहिजे.

मग तेल. इंजिन अर्धा तास छान चालते आणि मग दम सोडते, असे होत असेल तर टाकीच्या झाकणाला असलेले हवेचे भोक पाहा. ते बुजले तर टाकीत तेल असूनही ते खाली उतरत नाही. झाकण सैल केल्यावर जोर परत आला, तर दोष सापडला! त्यानंतर तेलात पाणी आहे का, गाळणी तुंबली आहे का, नळीच्या जोडातून हवा शिरते का, हे पाहावे. नोझल आणि पंप यांची पाळी त्याच्याही नंतर येते, आणि ते काम जाणत्या मिस्त्रीचे. इंजिन चालू असताना नोझलच्या नळीजवळ बोट नेऊ नका. तेलाची ती बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते.

उरला दाब. पिस्टनच्या कड्या झिजल्या किंवा झडपा नीट बसत नसल्या, म्हणजे दाबलेली हवा निसटते. अशा वेळी इंजिन सुरू व्हायला कुरकुर करते, पांढरा धूर देते. वंगण जळू लागले तर निळा. पण नुसत्या धुरावर निकाल देऊ नये, मीटर लावून दाब मोजावा. मघाच्या जपानी मोटारीचे इंजिनही याच कसोटीला लागते. त्यात पिस्टन नाही. जर्मनीतले फेलिक्स व्हांकेल यांच्या कल्पनेप्रमाणे एक त्रिकोणी चकती फिरते. असे पहिले इंजिन १९५७ साली चालले. त्या त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजल्या की दाब निसटतो आणि जोर जातो. यंत्राचे रूप बदलले, पण हवा, तेल आणि दाब यांचा हिशेब सुटला नाही. पेट्रोलवर चालणाऱ्या त्या इंजिनाला ठिणगीची काळजी तेवढी अधिक.

हाच क्रम विहिरीवरच्या पंपालाही लागू आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, पुढे १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि मराठी शेतकऱ्याच्या कानाला इंजिनाचा आवाज ओळखीचा झाला. माडा-पोफळीच्या बागेत पाणी कमी पडू लागले, की आपण इंजिनालाच दोष देतो. विहिरीतल्या नळीच्या टोकाची झडप गळते आहे का, नळी हवा ओढते आहे का, पाण्याची पातळी खाली गेली आहे का, हे आधी कोण पाहतो?

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. बुडाची, पंख्याची, टाकीची तपासणी करायला याहून चांगला काळ नाही. गावातल्या शाळेने एखाद्या तांडेलाला वर्गात बोलवावे, मुलांनी त्याच्या होडीची वही तयार करावी: तारीख, वजन, फेरे, चाल, धुराचा रंग. मुलांना विज्ञान मिळेल, तांडेलाला नोंद मिळेल.

नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ देतो, तो श्रद्धेचा भाग झाला. पण त्याआधी एकदा त्या दोन खुणांमधून होडी फिरवून आणा आणि चाल वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा. आकडा जुळला नाही, तर मुखाबाहेर जायची घाई करू नका. कारण सापडेपर्यंत होडी खाडीतच राहू द्या. एक दिवसाची मासळी गेली तरी ती पुन्हा मिळते.